आर-रेटेड सिनेमा वर्गात: कुठल्या फॉर्मवर सही करावी, कुठल्या नाही

अमेरिकेत हायस्कूलला मूल असलेल्या घरात कधी ना कधी हा फॉर्म येतो. पूर्वी दप्तराच्या तळाशी चुरगळून यायचा, आता शाळेच्या ॲपवर येतो. इतिहासाच्या किंवा इंग्रजीच्या वर्गात अमुक सिनेमा दाखवणार आहोत, त्याला ‘आर’ रेटिंग आहे, पालकांनी सही करावी. मूल सोबत पुरवणी जोडतं: "सगळ्यांच्या आईबाबांनी केलीय, फक्त तुमचीच राहिलीय."

आपल्या मराठी घरांत यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. एक, शाळाच दाखवतेय म्हणजे चांगलंच असणार, द्या सही. दुसरी, आर म्हणजे आपल्याकडचा ‘ए’, असलं काही वर्गात दाखवतातच कसं? दोन्हींत फॉर्म वाचायचा मात्र राहून जातो. आणि माझं म्हणणं असं की निर्णय रेटिंगवरून करायचाच नाही, फॉर्मवरून करायचा. कारण हे फॉर्म एकसारखे नसतात. काहींमध्ये तुम्हाला खरोखर विचारलेलं असतं, काहींमध्ये फक्त कळवलेलं असतं, आणि काहींमध्ये तुमची सही घेऊन शाळा वर्षभरासाठी मोकळी झालेली असते.

आधी आर आणि ए यांचा घोळ

भारतात ‘ए’ प्रमाणपत्रामागे कायदा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर बोर्ड ते देतं, आणि १८ वर्षं पूर्ण नसलेल्याला तो सिनेमा दाखवता येत नाही. आई एका बाजूला आणि बाबा दुसऱ्या बाजूला बसले तरी नाही. म्हणजे पालकांच्या परवानगीला तिथे जागाच नाही. ती जागा आहे ‘यूए’मध्ये. हा प्रकार १९८३ मध्ये आला, २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, आणि हे आकडे पालकांना ठरवायला मदत व्हावी म्हणून आहेत. (प्रत्यक्षात आपण ते पाहत नाही. तिकीट काढताना खुर्च्या कुठल्या रांगेत मिळतायत तेवढं पाहतो.)

अमेरिकेतलं आर हे या यूए १६+ च्या जवळचं आहे, ए च्या नाही. तिथली रेटिंग पद्धत १ नोव्हेंबर १९६८ ला सिनेमाच्या धंद्याने स्वतःच सुरू केली, सरकारने नाही. रेटिंग देणाऱ्या मंडळावर पालकच असतात. आर म्हणजे १७ पेक्षा लहान मुलासोबत पालक किंवा जबाबदार मोठं माणूस हवं. थिएटरवाले हे पाळतात ते आपणहून. ए च्या जवळ जाणारं रेटिंग म्हणजे १९९० मध्ये आलेलं एनसी-१७ (१७ आणि त्याखालच्यांना प्रवेशच नाही), आणि तसा सिनेमा वर्गात लावायला कुठली शाळा धजावेल असं वाटत नाही.

दोन्ही देशांची रेटिंग एकमेकांशी ताडून पाहण्यातही अर्थ नाही. ‘ओपनहायमर’ अमेरिकेत आर होता, भारतात यूए. पण भारतातल्या प्रतीत नग्न दृश्यावर संगणकाने काळा ड्रेस चढवलेला होता. सुट्टीत पुण्याला आत्याबरोबर पाहिलेला सिनेमा आणि इथे वर्गात लागणारा सिनेमा नावाने एकच असला तरी आत तोच असेल असं धरून चालू नका.

आता शाळेचं. आर सिनेमा दाखवायला पालकांची सही हवी असा देशभराचा कायदा नाही. नियम करतं ते तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं, बोर्ड. त्यामुळे एका गावात सहीवर काम भागतं आणि शेजारच्या गावात आर सिनेमाला बंदीच असते. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या डिस्ट्रिक्टमध्ये अशी सरसकट बंदी होती. तिथे एका विद्यार्थ्याला ‘शिंडलर्स लिस्ट’ वर्गात दाखवला जावा असं वाटत होतं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९९५ मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला: बोर्डाने रेटिंगचा आधार घेऊन बंदी घातली तर ते चालतं. ज्यू नरसंहारावरचा हा सिनेमा अमेरिकेत अनेक ठिकाणी मुद्दाम हायस्कूलच्या मुलांना दाखवला गेला, आणि केनोशात तो नियमात बसला नाही. तेव्हा मैत्रिणीच्या मुलीच्या शाळेत काय चालतं यावरून आपल्या शाळेबद्दल काहीच कळत नाही. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर वादग्रस्त साहित्याबद्दलचं धोरण असतं, ते एकदा वाचून ठेवा.

‘सही आली तरच’ विरुद्ध ‘नकार आला नाही तर’

खरी तुलना या दोघांत आहे.

पहिल्या प्रकारात पालकांची सही परत येत नाही तोवर मुलाला तो सिनेमा दाखवत नाहीत. विसरलात तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं. दुसऱ्या प्रकारात शाळा कळवते, आणि तुम्ही ठरलेल्या तारखेच्या आत हरकत घेतली नाही तर उत्तर ‘हो’ धरलं जातं. कागदावर फरक एका ओळीचा आहे. घरात तो बराच मोठा पडतो, कारण नोकरी करणाऱ्या दोन माणसांच्या घरात शाळेचे ईमेल किती वाचले जातात हे आपल्याला ठाऊक आहे. बस उशिरा येणार, पिझ्झा फ्रायडे, उवांची सूचना, बँडचा निधी, आणि यांच्या मधोमध ‘आम्ही पुढच्या मंगळवारी एक सिनेमा दाखवत आहोत’. गप्प बसणं म्हणजे होकार, हे तत्त्व पीजी-१३ सिनेमासाठी (आरच्या एक पायरी खालचं रेटिंग, १३ पेक्षा लहान मुलांबाबत पालकांना सावध करणारं) मला चालतं. आरसाठी चालत नाही.

शिक्षकांच्या बाजूनेही पाहायला हवं. सही मागणारा शिक्षक स्वतःच्या डोक्याला ताप करून घेतो. शंभराच्या वर विद्यार्थी, त्यातले काही सही आणणारच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं काम काढायचं. म्हणून पुष्कळ शिक्षक आर सिनेमाच्या वाटेलाच जात नाहीत. जे जातात त्यांना सही हवी असते, कारण सही त्यांचीही ढाल असते.

ती का लागते हे केंटकीतल्या एका प्रकरणावरून कळतं. १९८४ चा शाळेचा शेवटचा दिवस. शिक्षिका प्रगतिपुस्तकं भरण्यात गुंतलेल्या. मुलांनी एक आर-रेटेड संगीतमय सिनेमा लावायचा हट्ट धरला. बाईंनी तो पाहिलेला नव्हता. पंधरा वर्षांच्या एका मुलाने पाहिला होता, म्हणून नको ते झाकायची जबाबदारी त्याच्यावर दिली. त्याने काय केलं, तर तसं दृश्य आलं की २५ इंची टीव्हीसमोर कागदाची साधी फाइल धरली. एवढ्या फाइलने एवढा पडदा झाकला जाईना, आणि आवाज तर चालूच. सकाळी एकदा लावला, दुपारी पुन्हा. १४ वर्षांची नोकरी गेली. खालच्या कोर्टात बाई जिंकल्या, पण १९८७ मध्ये अपील कोर्टाने बडतर्फी कायम केली. नंतर कोलोरॅडोतही फॅसिझमवरचा एक इटालियन सिनेमा बारावीच्या मुलांना दाखवणाऱ्या शिक्षकाची बडतर्फी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये उचलून धरली. वादग्रस्त साहित्य वर्गात आणण्याआधी मुख्याध्यापकांना कळवायचा डिस्ट्रिक्टचा नियम त्याने पाळला नव्हता.

म्हणजे ‘सही आली तरच’ हा प्रकार पालकांवर उपकार म्हणून जन्माला आलेला नाही. पण त्याचा फायदा पालकांनाच होतो: सही मिळवायची म्हटल्यावर शिक्षकाला सिनेमाचं नाव, तो का दाखवायचा आणि कुठल्या धड्याशी जोडलाय हे लिहावं लागतं. आणि लिहायचं म्हणजे आधी तो स्वतः पाहावा लागतो. माझ्या लेखी हा या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण आहे. ‘नकार आला नाही तर’ या प्रकारात दोन ओळींत भागवता येतं आणि बहुतेकदा भागवलं जातं.

हल्ली या दुसऱ्या प्रकाराला एक नवा संदर्भ मिळालाय. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीत (वॉशिंग्टनजवळ, भारतीय वस्तीही बरीच) प्राथमिक वर्गांत समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रांच्या गोष्टी वाचून दाखवल्या जात होत्या, आणि आधी दिलेली मुलाला बाहेर बसवण्याची सवलत काउंटीने काढून घेतली होती. धार्मिक कारणावरून हरकत असलेले पालक सुप्रीम कोर्टात गेले. २७ जून २०२५ ला कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला: खटला चालू आहे तोवर या पालकांना आधी कळवा आणि मुलांना वगळू द्या. निकाल गोष्टींच्या पुस्तकांबद्दल आणि धार्मिक हरकतीबद्दल आहे, हायस्कूलमधल्या युद्धपटाबद्दल नाही. पण शाळांचे वकील सावध झाले की फॉर्म वाढतात, हे गृहीत धरायला हरकत नाही. आणि फॉर्म वाढले की ते न वाचण्याची सवयही वाढते.

वर्षभराची एकच सही

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होताना सह्यांचा गठ्ठा येतो: लॅपटॉपची जबाबदारी, फोटो छापायची परवानगी, आणीबाणीचे फोन नंबर. त्यातच एक ओळ: वर्षभरात अभ्यासक्रमाला धरून ‘आर’पर्यंतचे सिनेमे दाखवायला माझी संमती आहे.

हा प्रकार तिन्हींत सगळ्यात वाईट. सिनेमाचं नाव नाही, कारण नाही, तारीख नाही. ऑगस्टमध्ये चौदा वर्षांच्या मुलाबद्दल केलेली सही मे महिन्यात, शिक्षक बदलल्यावरही, लागू. शाळेला सोय आहे, तुम्हाला काहीच नाही. पण सरळ ‘नाही’वर खूण करू नका, कारण मग साध्या माहितीपटालाही मूल बाहेर बसेल. त्या ओळीखाली लिहा: पीजी-१३ पर्यंत संमती, आर असेल तर प्रत्येक वेळी वेगळं विचारावं. ऑनलाइन फॉर्मवर लिहायला जागा नसेल तर हेच शिक्षकांना ईमेलने कळवा. एवढ्याशा विनंतीवर कोणी वाद घालत नाही.

पूर्ण सिनेमा की निवडक तुकडे

‘शिंडलर्स लिस्ट’ १९५ मिनिटांचा आहे. ४५ मिनिटांचा तास धरला तर पाच तास, म्हणजे शाळेचा अख्खा आठवडा. घंटा झाली की मूल छळछावणीतून उठून पीटीला जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथून पुढे. यामुळे तुकडे दाखवणं शिक्षकांना बरं पडतं, आणि फॉर्मवर ‘फक्त निवडक भाग’ असं वाचलं की पालकही सैल पडतात. इथे मात्र जरा थांबा. तुकडा म्हणजे सौम्य भाग असं मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धावर शिकवताना ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला जो भाग काढला जातो तो सुरुवातीचा, ओमाहा बीचवर सैनिक उतरतात तो. वीस मिनिटांहून लांब, एका तासात बरोबर बसणारा, आणि सिनेमाला आर ज्या कारणाने मिळाला ते कारण नेमकं त्यातच. हातपाय तुटलेले, आतडी बाहेर आलेली माणसं. पूर्ण सिनेमात त्या रक्तपाताला पुढची गोष्ट तरी मिळते. तुकड्यात तेवढाच उरतो.

उलटही घडतं. काही सिनेमांत अडचणीची दोन-तीन मिनिटं तेवढी असतात, आणि ती गाळली तर शिकवण्याचं काहीच बिघडत नाही. म्हणून तुकडे चांगले की पूर्ण चांगला, याला सरसकट उत्तर नाही. कुठून कुठपर्यंत दाखवणार ते मिनिटांत विचारा. ज्या शिक्षकाने तयारी केली आहे तो चटकन सांगतो. आणि काही शाळा तुकड्यांसाठी फॉर्म पाठवतच नाहीत, तेही विचारून घ्या.

रेटिंग काय सांगतं आणि काय नाही

अमेरिकन रेटिंग शिव्यांच्या बाबतीत फार काटेकोर आहे. ‘फ’ची शिवी साधारणपणे एकदा आली तर पीजी-१३, त्याहून जास्त वेळा आली की आर. आठवीतल्या मुलीवरच्या ‘एट्थ ग्रेड’ या सिनेमाला आर मिळालं, म्हणजे ज्या वयाबद्दल तो आहे त्या वयाच्या मुलांना एकटं जाऊन तो पाहता येईना. शेवटी वितरकांनी ऑगस्ट २०१८ मध्ये पन्नासही राज्यांत एकेक फुकट खेळ लावला, रेटिंगची अट बाजूला ठेवून. ‘द किंग्ज स्पीच’ला आर मिळालं ते तोतऱ्या राजाला बोलतं करताना त्याच्या तोंडून निघालेल्या शिव्यांमुळे. तुमचं मूल अशा शिव्या बसमध्ये रोज ऐकतं.

उलट १९६८ चा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पीजी (पीजी-१३ हूनही सौम्य रेटिंग) आहे, नववीच्या इंग्रजीत शेक्सपिअरबरोबर वर्षानुवर्षं लागतो, आणि त्यात थोडा वेळ नग्न दृश्य आहे. बरेच शिक्षक तेवढं पुढे सरकवतात. पीजी असल्यामुळे फॉर्म मात्र अनेकदा येतच नाही.

हिंसेच्या बाबतीत हीच व्यवस्था बरीच उदार आहे. रक्त न दाखवता शेकडो माणसं मारली तर पीजी-१३ मध्ये सहज बसतात. आपल्या घरांतला रिमोटही असाच चालतो म्हणा: चुंबन आलं की चॅनेल बदलतो, गोळीबार आला की पोळी वाढणं चालू राहतं. सही करण्याआधी आपल्याला नेमकं काय खुपतं, हे आईबाबांनी आपापसात बोलून घेतलेलं बरं.

कामाची गोष्ट अशी की आर अक्षराखाली त्याचं कारण एका ओळीत छापलेलं असतं: भाषा, हिंसा, नग्नता, अमली पदार्थ. अक्षरापेक्षा ती ओळ वाचा. ‘शिंडलर्स लिस्ट’ची ओळ भाषा, काही लैंगिकता आणि प्रत्यक्षात घडलेली हिंसा असं सांगते. ही शेवटची हिंसा समजून घेण्यासाठीच तर तो वर्गात लावायचा असतो.

सही, नकार, की आधी घरी पाहणं

आता प्रत्यक्ष निर्णय. अकरावी-बारावीचं, १६-१७ वर्षांचं मूल, इतिहासाचा वर्ग, सिनेमा धड्याशी जोडलेला आणि फॉर्म नीट लिहिलेला, तर मी सही करा म्हणेन, तीही फार घोळ न घालता. त्या वयाचं मूल थिएटरात आताच किंवा थोड्याच दिवसांत एकटं जाणार आहे, आणि वर्गात निदान नंतर चर्चा करणारं माणूस असतं.

नववी-दहावीचं मूल आणि कारणाच्या ओळीत तीव्र हिंसा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर आधी घरी पाहा. सगळा सिनेमा नको, शिक्षक दाखवणार तो भाग. मुलासोबत पाहायचा की एकट्याने, ते तुमच्या घरच्या मोकळेपणावर आहे. काही पंधरा वर्षांच्या मुलांना आईशेजारी बसून असलं दृश्य पाहण्यापेक्षा वर्गात पाहणं हजारपट सोपं वाटतं, आणि त्यांचं ते खरं असतं. मुलाने मार खाणं, घरातली दारू, जवळच्याचा मृत्यू यातलं काही स्वतः अनुभवलं असेल तर मात्र वय बघू नका. त्यालाच विचारा. नकार द्यायचा असेल तर शिक्षकांना कारण सांगायचं बंधन सहसा नसतं.

नकाराची किंमत पर्यायी कामात मोजावी लागते. मूल बहुधा लायब्ररीत बसतं आणि काहीतरी वाचून लिहितं. काम चांगलं असेल, म्हणजे त्याच विषयावरचं पुस्तक किंवा माहितीपट, तर काही बिघडत नाही. पण सिनेमा पाहणाऱ्यांना एक पान आणि न पाहणाऱ्याला पाच पानांचा निबंध, असा प्रकार असेल तर तो शिक्षाच झाला, आणि त्याबद्दल बोलायला हवं. परीक्षेत त्या सिनेमावर प्रश्न येणार का, हेही आधीच विचारा. वर्गातून उठून जाणाऱ्या एकट्या देशी मुलाला बाकीची मुलं काय म्हणतात, हाही हिशेबातला भाग आहे. पण केवळ त्या भीतीने सही करू नका.

एका बाबतीत मी बिनदिक्कत नकार देईन: सुट्टीच्या आदल्या दिवशी, धड्याशी संबंध नसलेला, वेळ काढायला लावलेला आर सिनेमा. कॉपीराइट कायद्यातही वर्गात सिनेमा दाखवायची जी सूट आहे, ती समोरासमोर शिकवण्याच्या ओघात दाखवला तरच आहे. करमणुकीला ती लागू नाही. तिथे पर्यायी कामही मागू नका, मुलाला एक पुस्तक देऊन पाठवा.

शिक्षकांना लिहायचा ईमेल चार ओळींचा पुरतो: कुठली आवृत्ती आणि कुठला भाग दाखवणार, आर कशामुळे, त्यानंतर वर्गात काय करणार, आणि न पाहणाऱ्याला काय काम. सूर चौकशीचा ठेवा, जाब विचारल्याचा नको. तीन-चार दिवस आधी पाठवा. आदल्या रात्री पाठवलात तर शिक्षकाकडे ‘मग राहू दे’ म्हणण्याखेरीज काही उरत नाही.

आणि बारावीतल्या मुलाला १८ पूर्ण झाली असतील तर बहुतेक राज्यांत तो कायद्याने सज्ञान आहे. कित्येक शाळा तरीही पालकांचाच फॉर्म पाठवतात. तो त्याच्याकडे द्या आणि त्याची सही चालेल का, हे त्यालाच ऑफिसमध्ये विचारू द्या.